केसपेपरवर पाय होता

निरीक्षणाच्या दिवशी आमच्या नर्सिंग कॉलेजातल्या मुली रुग्ण होत असत. हे मी तोंडाने अनेकदा सांगितलं आहे, टपरीवर, चहा पिताना, गंमत म्हणून. लिहितो आहे मात्र पहिल्यांदा.

विद्यापीठाची मान्यता टिकवायची तर कॉलेजाला स्वतःचं रुग्णालय हवं आणि त्यातल्या खाटांवर रुग्ण हवेत, असा नियम. आमचं रुग्णालय भोपाळच्या बाहेर, नव्या इमारतीत. फरशी इतकी चकचकीत की आपलाच चेहरा दिसावा. रुग्ण मात्र शहरातल्या जुन्या सरकारी दवाखान्यात जात. निरीक्षणाची तारीख दोन दिवस आधी कुणीतरी कळवायचंच. मग खाटा भरायच्या. काही खाटांवर कर्मचाऱ्यांचे नातेवाईक, काहींवर शेजारच्या बांधकामावरचे मजूर आणि उरलेल्या खाटांवर दुसऱ्या वर्षाच्या मुली. कानातलं काढायचं, केस मोकळे सोडायचे, हातावर सलाईनची नळी नुसत्या चिकटपट्टीने लावायची.

मी स्वतः याच कॉलेजात शिकलो. वर्गात आम्ही चारच मुलगे होतो. रुग्ण आम्हालाही सवयीने 'सिस्टर' म्हणायचे आणि मग ओशाळायचे. तेव्हा मीही असा एकदा झोपलो होतो, दम्याचा रुग्ण म्हणून. "खाँसना, पर ज़्यादा नहीं," असं आमच्या मॅडमनी बजावलं होतं. संध्याकाळी समोसे मिळाले, तास बुडाला. यात काही वाईट आहे असं त्या दिवशी वाटलं नाही. पुढे तिथेच शिकवायला लागलो, आणि अक्षर बरं म्हणून केसपेपर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

खोटं कशाला बोलू, मला त्या कामाचा अभिमान होता. ताप, नाडी, श्वास यांचे तक्ते मी असे भरायचो की कुणाला शंका येऊ नये. संध्याकाळी ताप जरासा चढवायचा, औषधानंतर उतरवायचा. सकाळची पाळी निळ्या पेनाने, दुपारची काळ्या. प्राचार्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणायच्या, "सर के पेशंट असली पेशंट से ज़्यादा असली होते हैं।" मी मान खाली घालून हसायचो.

ती मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. वडील गोविंदपुऱ्यात एका लहान कारखान्यात तंत्रज्ञ, मूळचे नागपूरकडचे. अख्ख्या कॉलेजात माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच. कोथिंबिरीला सांबार म्हणायची आणि माझं पुण्याच्या वळणाचं मराठी ऐकून हसायची. "सर, तुम्ही पुस्तकासारखे बोलता. भाजीवाल्याशी पण असंच बोलता का?" कधी डब्यातली सांबारवडी कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून जायची.

त्या सकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा मी वॉर्डात खाटांची यादी लावत होतो. तिच्या नावासमोर उजव्या पायाचं फ्रॅक्चर लिहिलेलं. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, आज मला नका झोपवू. पोटात खूप दुखतंय. घरी जाऊ का?"

मी यादीकडे बघितलं. तिच्या जागी घालायला कुणी नव्हतं. तिच्याकडे मी बघितलंच नाही. हातातल्या कागदावर बोट ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुझा केसपेपर पायाचा आहे. पोट दुखायची परवानगी नाही." मग शेजारच्या मुलींना कळावं म्हणून तेच हिंदीत सांगितलं. त्या खिदळल्या. तीही हसली.

ती हसली होती, हे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो. खरंच दुखत असतं तर हसली असती का?

मीच तिच्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत फळी लावली आणि वरून घट्ट पट्टी बांधली. पट्टी मी चांगली बांधतो.

अकराच्या सुमाराला निरीक्षक आले. त्यातले एक वयस्कर गृहस्थ तिच्या खाटेपाशी थांबले. "क्या तकलीफ़ है, बेटा?" तिच्या कपाळावर घाम होता. ती म्हणाली, "पैर टूट गया, सर।" त्यांनी पायथ्याशी लावलेला माझा तक्ता पाहिला. ताप नाही, नाडी ठीक. मान डोलावून ते पुढे गेले. मागून चालताना मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "यह लड़की तो कमाल कर रही है।"

दुपारी दोनची नोंद मी खाटेपाशी न जाताच केली. काळ्या पेनाने. ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, नाडी अठ्ठ्याहत्तर.

चार वाजता निरीक्षकांच्या गाड्या शहरातल्या सरकारी बंगल्यांकडे, चार इमलीकडे वळल्या आणि वॉर्ड एकदम जिवंत झाला. मुलींनी नळ्या उपटल्या, केस बांधले, समोशांकडे धावल्या. ती उठली नाही. शेजारची म्हणाली, "सर, इसकी एक्टिंग अभी तक चालू है।"

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. चटका बसला. मग पोटावर ठेवला. पोट लाकडाच्या फळीसारखं कडक झालं होतं. ही खूण कशाची, हे त्याच वर्गाला त्याच सत्रात मी शिकवलं होतं.

आमच्या भरलेल्या रुग्णालयात सर्जन नव्हता. सकाळी होता, पण तोही दिवसापुरता आणलेला, जेवून निघून गेला होता. कॉलेजच्या गाडीतून तिला शहरात न्यावं लागलं. जवाहर चौकात गर्दीत गाडी अडकली तेव्हा माझ्या लक्षात आलं की पायाची फळी अजून तशीच आहे. मी पट्टी सोडली. सोडल्याबरोबर तिने दोन्ही गुडघे पोटाशी ओढून घेतले. पोटात इतकं दुखत असताना माणूस दुसरं काय करतो? दिवसभर मी तिला तेवढंही करू दिलं नव्हतं.

अपेंडिक्स फुटलं होतं. ती वाचली. पुढचे कित्येक आठवडे दवाखान्यात काढावे लागले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा वडील खाटेशेजारी स्टुलावर बसले होते, कारखान्याचा निळा शर्ट अंगावर तसाच. मला बघून उठले. मला बाजूला घेतील असं वाटलं, पण तिथेच बोलले.

"भाऊ, तुम्ही आपल्याकडचे म्हणून विचारतो. सकाळी घरून निघतानाच पोरगी म्हणत होती पोट दुखते म्हणून. मीच म्हटलं, आज मोठे साहेब येणार आहेत, जा. तिथं कोणाला बोलली नाही का ती?"

मला उत्तर द्यायला अजिबात वेळ लागला नाही. "नाही. मला तरी काही बोलली नाही."

ते खाली बसले. स्टुलावरूनच म्हणाले, "मंग माझीच चूक. मीच पाठवलं." आणि मग माझ्यापुढे हात जोडले. "तुम्ही वेळेवर आणलं, भाऊ."

ती डोळे मिटून पडली होती. झोपली असावी, असं मी ठरवलं. तेही मी ठरवलंच.

कॉलेजात चौकशी झाली नाही. निरीक्षणाचा अहवाल चांगला आला होता. फ्रॅक्चरचा तो केसपेपर मी फाडून टाकला.

ती परत आली तेव्हा अर्धी उरली होती. हजेरी कमी भरत होती, वर्ष जाणार होतं. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावून सांगितलं, काळजी करू नकोस, हजेरी मी भरून देतो, कुणाला कळणार नाही. मला वाटलं, एवढं तरी मी करू शकतो.

ती म्हणाली, "नको, सर. माझ्या कागदावर तुमचं अक्षर आता नको."

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. "एक करा. बाबांना सांगा, मी तुम्हाला सांगितलं होतं. ते रोज मला सोडतात आणि रोज म्हणतात, मी त्या दिवशी पाठवलं नसतं तर. जेवतानाही तेच. मी सांगितलं तर त्यांना पटत नाही. त्यांना वाटतं, मी त्यांची समजूत घालते."

"सांगतो," मी म्हणालो. "आजच सांगतो."

संध्याकाळी ती मला घेऊनच फाटकाशी गेली. वडील स्कूटरवरून उतरले, हेल्मेट काढून हातात घेतलं. "नमस्कार, भाऊ. कशी आहे पोरगी अभ्यासात?"

ती माझ्याकडे बघत होती.

"चांगली आहे," मी म्हणालो. "खूप चांगली आहे."

वडील खूश झाले. ती स्कूटरवर मागे बसली आणि गाडी वळेपर्यंत तिने माझ्यावरची नजर काढली नाही. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ ती माझ्या वर्गात बसली आणि माझ्याशी मराठीत एक शब्द बोलली नाही. "यस सर," "जी सर," एवढंच. वर्ष पुन्हा केलं, पास झाली, कुठल्याशा मोठ्या रुग्णालयात लागली. वडील निवृत्त होऊन नागपूरकडे गेले, असं ऐकलं.

मी त्याच कॉलेजात आहे. निरीक्षणं होतात, खाटा भरतात. केसपेपर आता दुसरं कुणी लिहितं. मी नको म्हणालो, तर मॅडमना वाटलं वयामुळे डोळे दमले असतील. मीही तसंच वाटू दिलं. निरीक्षणाच्या दिवशी मी सकाळीच थर्मामीटर घेऊन खाटाखाटांवर फिरतो आणि प्रत्येकीला विचारतो, "कहीं दर्द तो नहीं?" परवा एक मुलगी घाईघाईने पायथ्याचा कागद वाचून म्हणाली, "सर, मुझे तो टायफ़ॉइड है।" तिला ताप नव्हता. मी दोनदा बघितला.

माझा सगळा दिवस हिंदीत जातो. हे मराठीत लिहिलं, कारण तिचे वडील मराठी वाचतात. नावं घातलेली नाहीत, पण गोविंदपुऱ्यातला निळा शर्ट आणि पायाची फळी ते ओळखतील. भाऊ, तिने मला सांगितलं होतं. सकाळीच, स्पष्ट शब्दांत. चूक तुमची नव्हती.

त्यांचा फोन नंबर कॉलेजच्या जुन्या फॉर्मवर आहे. तो फॉर्म माझ्याच कपाटात आहे. हे सगळं लिहिण्याआधी मी तो काढून समोर ठेवला होता, आणि आता परत ठेवून दिला आहे.