पश्चात्तापपत्र

"खोबरं खाल्लंस की नाही? एवढंच सांग."

मास्तरांनी हे सगळ्या मंडळीसमोर विचारलं. मास्तर म्हणजे आमच्या चर्चचे पंच. रविवारची उपासना संपत आली होती. बाकांवर मिशन कंपाउंडातली घराणी, शिक्षक आणि नर्सबाया. खाली जमिनीवर अंथरलेल्या दरीवर आम्ही, वस्तीतले. मी तेवीस वर्षांची होते. पाच महिने ऊस तोडून आदल्याच आठवड्यात परतले होते. हाताला कोयत्याचे घट्टे, आणि उभी मात्र गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी.

ऊसतोडीला गाडी निघते तेव्हा मुकादम देवाच्या नावानं नारळ फोडतो. खोबऱ्याचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवतो. त्यांची श्रद्धा, आणि टोळीची रीतही. आमच्या चर्चच्या लेखी मात्र तो दुसऱ्या देवाचा प्रसाद, म्हणजे पाप. तो नाकारला की माणूस टोळीत वेगळा पडतो, आणि उसाच्या फडात बाईला वेगळं पडून चालत नाही. मी खाल्लं. बाकावरच्या कुणाला पोटामागे कधी ट्रॅक्टरात बसावं लागलं नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

"खाल्लं," मी म्हणाले.

"आणखी कोणी?"

माझी धाकटी जाऊ मार्था, माझ्याच टोळीतली, दरीवर बसली होती, मांडीवर वर्षाची लेक. ती माझ्याकडेच पाहत होती. मला वाटलं, दोघी असलो तर लाज अर्धी होईल. मी बोट दाखवलं.

"मार्थानं बी खाल्लं."

मार्था उठली. मास्तर म्हणाले, "पुढे ये." ती गेली नाही. लेकीला कडेवर घेतलं, चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि दारातून निघून गेली. मी थांबले. सांगितलेली वाक्यं म्हटली. मी पापी, मी भटकले, मंडळीने क्षमा करावी. तीन महिने प्रभुभोजनाच्या भाकरीला हात पुढे करायचा नाही, अशी शिक्षा मिळाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तोही निमूट खाल्ला.

वर्षं गेली. कोयता सुटला, गुडघे गेले. चर्च झाडायचं, दऱ्या घालायच्या, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जायचं, ही कामं माझ्याकडे आली. मास्तरांच्या जागी त्यांचा मुलगा पंच झाला. अशाच चौकशा होत राहिल्या आणि दरीवरची अकरा घरं एकेक करून यायची थांबली. यंदा नाताळाआधी पंचांनी मला बोलावून छापील कागद दिले. वर 'पश्चात्तापपत्र', खाली सहीची जागा.

"भटकलेल्यांना परत आणा. प्रेमाने सांगा," ते म्हणाले. "सही करायची आणि रविवारी समोर उभं राहून वाचायचं, बस."

पहिलं नाव मार्थाचं होतं.

मार्था आता किन्हीराजाला असते. मी गेले तेव्हा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. "बसा बाई," म्हणाली, पाणी दिलं. मग माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"कागद आनला का?"

"आनला."

"काहून? बोट दाखवाले दुसरं कोनी भेटलं नाई का?"

मी प्रेमाची बरीच वाक्यं घोकून आले होते. एकही आठवेना. शेवटी विचारलं, "प्रार्थना तरी करतं का?"

"नाई होत. प्रार्थनेले डोये मिटले का तुमचं बोट दिसते, बाई."

मी तिथेच बसले. इतकी वर्षं मीही म्हणत होते, ती घरं देवापासून दूर गेली. कुणी आपणहून गेलं नव्हतं. आम्ही त्यांना घालवलं होतं, आणि हिला तर मी.

मी वाकून तिच्या पायाला हात लावला. थोरल्या जावेने धाकटीच्या पाया पडावं, अशी आमच्यात रीत नाही. "माहं चुकलं, मार्था. मी भेली होती."

तिने पाय मागे घेतला. रडली नाही, मला उठवलंही नाही.

"आता सुचलं?" एवढंच म्हणाली. आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. परत येते असं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

रविवारी पंचांनी सगळ्यांसमोर विचारलं, "किती सह्या झाल्या?"

"एकही नाही," मी म्हणाले. "माफी त्यांनी नाही, आपण मागायची आहे. मी एका घरी मागून आले. दुसऱ्या घरी तुम्ही चला."

बाकांवर कुजबुज झाली. पंचांचा चेहरा उतरला. "खाली बसा. हे ठरवणं तुमचं काम नाही."

मी बसले नाही. कागद त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले. माझ्या मागून कुणी उठलं नाही. उठेल असं वाटलंही नव्हतं.

दहा घरं राहिली आहेत. एक तर पार आसेगावकडे आहे. माझे गुडघे चढाला दगा देतात, दारं तोंडावर लागतील, शिव्याही मिळतील. त्या ऐकून घेईन. मी कुणाला परत आणायला जात नाही. यायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. माफी मागणं माझ्याकडे आहे, आणि त्यासाठी मी आता कुठल्याही पंचाची परवानगी घेणार नाही.