आक्कांची एक फाईल

आक्का चिडायच्या, पण विनाकारण कधीच नाही. एकच माहिती दोन ठिकाणी लिहिलेली दिसली की त्यांचा पारा चढायचा. "मग ह्यातली खरी कोणती? देवाला इचारायचं का?"

त्या जिंतूर रस्त्यावरच्या बोरी गावच्या, शेतकरी घरातल्या, आमच्यात वयानं सगळ्यांत मोठ्या. परभणीतल्या आमच्या लहानशा कंपनीकडे दवाखान्यांचे एक्स-रे आणि स्कॅन साठवून ठेवायचं काम होतं. जिल्हाभर सर्व्हर विखुरलेले. प्रत्येक स्कॅनच्या तीन प्रती तीन वेगळ्या यंत्रांवर राहायच्या, म्हणजे एखादं यंत्र गेलं तरी माल शाबूत. पण किती प्रती, कुठं ठेवायच्या हे सांगणारी सेटिंगची फाईल प्रत्येक यंत्रावर वेगळी होती. पाचसहाशे ओळींची, हातानं भरलेली.

"माणसानं ठरवायच्या गोष्टी दहा-बारा. बाकीचं खामखा लफडं हाय," असं म्हणत आक्कांनी सगळ्या यंत्रांसाठी एकच छोटी फाईल लिहिली. तिच्यावरून प्रत्येक यंत्राची सेटिंग आपोआप तयार व्हायची, आणि काही चुकलं तर यंत्र सुरूच व्हायचं नाही. मग त्यांनी हिशेब बघणाऱ्या मॅडमला बोलावून तिच्याकडून एक यंत्र लावून घेतलं. चहा गार व्हायच्या आत झालं. आक्का ही सगळी यंत्रं सांभाळणाऱ्या आमच्या साहेबांकडे वळल्या, "हिला जमलं, म्हंजे कुणालाबी जमतंय."

साहेबांना नेमकं तेच नको होतं. त्या पाचसहाशे ओळी फक्त आपल्याला कळतात, यावर त्यांचा सगळा रुबाब उभा होता. "चालू आहे ना? मग हात लावू नका," म्हणाले.

पुढं पाथरीला नवी यंत्रं बसली. साहेबांनी चाचणीची जुनी फाईल स्वतः उचलून तिथं टाकली. तिच्यात प्रतींचा आकडा तीनऐवजी एक होता. चार महिन्यांनी डिस्क जळाली आणि तिथले स्कॅन कायमचे गेले.

पेडगावची एक बाई नवऱ्याच्या डोक्याचा पाथरीला काढलेला आधीचा स्कॅन मागायला आली होती. गाठ वाढली की नाही, हे डॉक्टर त्याच्याशी ताडून सांगणार होते. साहेब केबिनमधून बाहेर आले नाहीत. आक्का त्या बाईसमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "गेला, ताई. आमच्याकडून गेला."

तेच वाक्य साहेबांनी पकडलं. अहवालात चूक आक्कांच्या नावावर लिहिली. फाईल कुणी टाकली याची नोंद माझ्या कॉम्प्युटरवर होती. अहवाल वाचला गेला त्या बैठकीत आक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वहीत रेघोट्या ओढत बसलो.

आक्कांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मी एसटी स्टँडपर्यंत मागं मागं गेलो. "आक्का, माझं चुकलं."

"मला कशाला सांगायलास? तोंड बैठकीत उघडायचं होतं." एवढं बोलून त्या जिंतूरच्या गाडीत चढल्या.

पुढच्याच महिन्यात साहेबांनी आक्कांची ती फाईल स्वतःची म्हणून सगळ्या यंत्रांवर बसवली आणि त्यांचा सत्कार ठरला. "आमच्या साहेबांनी किती सोपं केलं" असं भाषण सुरू झालं तेव्हा माझ्या अंगाचा भडका उडाला. मी उठलो, नोंदीचा कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. फाईल कुणी लिहिली तेही सांगितलं. नोकरी तिथंच संपली.

बाहेर येऊन आक्कांना फोन लावला. वाटलं, शाबासकी मिळेल.

"मला काय ऐकवायलास? मला ठावं हाय. त्या पेडगावच्या बाईला जाऊन सांग."

गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं, साहेबांचं नाव घेऊन, माझी गप्प बसण्याची चूकही न लपवता. त्या बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं,

"म्हंजे आता तो फोटू घावंल का?"

"नाही," मी म्हणालो.

ती उठून आत गेली.