दोन पावलं अलीकडे

मैदानावर रेघा मारायच्या फक्कीचा वास आला की मला कळव्याचं ते मैदान आठवतं. माझ्या मैत्रिणीला सैन्यात जायचं होतं. मोबाइलवर बीप वाजायच्या आत वीस मीटरवरची रेघ गाठून परत फिरायचं, हा तिचा रोजचा सराव; रेघा मारणं माझं काम. ती दर वेळी थोडक्यात मागे पडायची, रडायची. एकदा मला बघवेना, म्हणून तिला न सांगता मी रेघ दोन पावलं अलीकडे मारली. "अगं, जमलं!" म्हणत तिने मला उचललंच. मग खरं सांगायचा धीर झाला नाही. मी रोज तिथेच रेघ मारत राहिले. भरतीत ती बाद झाली. बूट काढताना म्हणाली, "तिकडचं अंतर जास्त वाटलं गं." मी म्हटलं, "दमली असशील." आजही ती सगळ्यांना सांगते, "ऐन वेळी मीच दमले."