स्टेअरिंगमधला प्ले

माझा धाकटा भाऊ बसवर ड्रायव्हर. घरी आला की मात्र रिमोटवर पळणाऱ्या, हातभर लांबीच्या रेसिंग गाड्या बनवणारा. तयार गाड्या आणून पळवणाऱ्यांना तो हिंग लावून विचारत नाही. पत्रा कापून सांगाडा स्वतः करणार, शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल थेंबाथेंबाने स्वतः भरणार, गिअरचे दाते नीट बसलेत का ते कागदाचा कपटा मधून फिरवून बघणार. जेवणाचं टेबल त्याने कधीच बळकावलंय. मी ओरडते, तो "ताई, पाचच मिनिटं" म्हणतो आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवते. लाडावून ठेवलाय मीच, सांगणार कोणाला?

या नव्या गाडीला मात्र त्याने मला हात लावू दिला नव्हता. शर्यतीच्या दिवशी तो नाव नोंदवायला गेला आणि रिमोट खुर्चीवरच राहिला. मला कुठला धीर! गाडी सोडली ट्रॅकवर. वळणावर रिमोटचं चाक जरासं फिरवलं, गाडी आपली सरळच. आणखी फिरवलं, तरी ढिम्म. मग एकदम वळली आणि कठड्यावर आदळली. पुढचा बंपर गेला.

तो धावत आला. मीच आधी तोंड सोडलं, चोराच्या उलट्या बोंबा.

"काय रे बनवलंयस हे! स्टेअरिंगला केवढा प्ले, किती ढिलं!"

तो चिडला नाही.

"प्ले नाही, ताई. मीच तसं सेट केलंय. हात थरथरतो माझा. तेवढं गाडीला कळू नये म्हणून."

त्याने उजवा हात पुढे केला. बोटं आपसूक हलत होती.

"कधीपासून?"

"आठ महिने झाले."

"आणि बस?"

"तिचं स्टेअरिंग घट्ट धरलं की कळत नाही."

"कोणाला कळत नाही?"

त्याने मान खाली घातली. "साहेबांना सांगितलं तर बस हातातून जाईल. एकवीस वर्षं तेच केलंय गं. दुसरं काय येतं मला?"

मला रडू येत होतं, तरी बोललेच. "उद्या पहिली फेरी निघायच्या आत सांगायचं. नाहीतर मी सांगेन. मग जन्मभर बोलू नकोस माझ्याशी."

सकाळी दोघं डेपोत गेलो. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेब भला माणूस, आवाज चढवला नाही. त्याचं नाव फेऱ्यांच्या यादीतून खोडलं, डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "एका घरात राहता. तुमच्या लक्षात नाही आलं?"

काय सांगू? मी रोज त्याच्याच बसने कामाला जाते, त्याच्या मागच्याच सीटवर. शेजारी बसणारीला दिमाखात सांगायचे, "माझा भाऊ चालवतोय, खुशाल डोळे मिटा." आणि मीही मिटायचे.