गजाच्या लाँचीचा गिअर

हे मी कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही — आणि तिलाच सांगायचं होतं. आता ती नाही. तुम्ही बसलायत समोर, तर ऐका.

चौथीपर्यंत शिकलो मी. पण आचऱ्यापासून मालवणपर्यंतच्या लाँचींची इंजिनं माझ्या हाताखालून गेली. गिअरबॉक्समधलं तेल तळव्यावर घेऊन उन्हात धरायचं. माशाच्या खवल्यासारखं बारीक चमकलं, की समजायचं — गिअरच्या दातांचं लोखंड सुटायला लागलं. मग झाकण काढून दात बघायचे. आधी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते एकमेकांना मिळाले की पापुद्रा उडतो, आणि मग एक दिवस दातच जातो. गिअर किती काळ काढील ते मी सांगायचो. बहुतेक खरं व्हायचं. बायको गावभर सांगायची, "आमच्या ह्यांचो शब्द म्हणजे देवाचो कौल." ऐकून बरं वाटायचं — खोटं कशाला बोलू?

गजा तिचा धाकटा भाऊ. त्याच्या गिअरबॉक्सात पाणी शिरलं होतं, तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. मी ते पुरतं काढलंच नाही. आळस केला. वरचं काढलं, नवीन ओतलं, झालं म्हटलं. तेलात पाणी राहिलं की दात झपाट्याने खाल्ले जातात, हे मला ठाऊक नव्हतं का?

नारळी पौर्णिमेच्या आधी त्याने पुन्हा बोलावलं. झाकण काढलं. दातांवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे — एकात एक मिळालेले. हा गिअर दिवाळी बघणार नाही, मला तिथेच कळलं.

"भावोजी, चलतलो मा?" गजाने विचारलं.

नाही म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं. ते बायकोच्या कानावर गेलं असतं. मी झाकण बसवलं. म्हटलं, "माका काय इचारतंस? देवाक इचार."

तो हसला. "देव कधीपासून गिअर बघूक लागलो, भावोजी?"

आणि गेला खरंच देवळात. गुरवाने कौलासाठी देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावल्या, उजवी पडली. म्हणजे जा. देवाने तेल बघितलं नव्हतं — मी बघितलं होतं.

दसऱ्यानंतर, खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात तिथेच दात तुटले. इंजिन चालू, पाण्यातला पंखा बंद. लाँच आडवी झाली. खलाशी पोहून आले. गजा नाही आला.

बायको देवावर रुसली. "कौल दिलंस आणि माझो भाव नेलंस." पुन्हा देवळाची पायरी चढली नाही. जत्रेला सगळा गाव जायचा, ती मागल्या दारी मासे साफ करत बसायची. मी बघायचो.

ह्या पावसाळ्यात ती गेली. शेवटी गुरव तीर्थ घेऊन आला. मी चमचा तिच्या ओठाला लावला. तिने तोंड फिरवलं.

शुद्धीवर होती ती. मला खरं सांगता आलं असतं. मी चमचा वाटीत ठेवला आणि तिची हनुवटी पुसली.