मिस्त्रींना ऐकू न आलेला ब्रेक

गॅरेजवाल्या मिस्त्रींना सगळे ‘कानसेन’ म्हणत. गाडी फाटकातून आत वळली की हातातलं काम थांबवून ते मान कलती करत आणि चालवणारा खाली उतरायच्या आत सांगून टाकत, “मागचं उजवं बेअरिंग गेलंय.” बत्तीस वर्षांत हे निदान क्वचितच चुकलं होतं.

एकदा नर्सबाई आपली एकोणीस वर्षं जुनी गाडी घेऊन आल्या. म्हणाल्या, “ब्रेकवर हलका पाय ठेवला की पुढून किंचाळते हो. रस्त्यावरची माणसं वळून बघतात.”

मिस्त्री शेजारी बसून एक चक्कर मारून आले. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. चाकाच्या फटीतून डोकावले, तर ब्रेकचा पॅड चांगला जाड दिसला.

“धूळ बसली असेल, बाई. जाईल आपोआप.”

चौथ्या दिवशी बाई परत हजर. टेकडीवरच्या पेशंटांना इंजेक्शनं देऊन त्यांना रोज तो उतार उतरावा लागे. “मिस्त्री, मला भास होत नाहीयेत. आवाज वाढलाय.”

पुन्हा चक्कर. मिस्त्रींच्या कानावर इंजिनाची घरघर तेवढी येत होती. बाई मात्र प्रत्येक ब्रेकला दात आवळत होत्या. ते पाहून मिस्त्रींनी गाडी परत गॅरेजकडे वळवायला सांगितली.

शेजारच्या खोलीत त्यांची बायको सीटची कव्हरं शिवत असे. तिला त्यांनी हाक मारली, “अगं, जरा ये. ऐक आणि सांग.”

बाईंनी गाडी भिंतीच्या कडेने हळू चालवली, बायको बाजूने चालत राहिली. पहिल्याच ब्रेकला तिने कानांवर हात ठेवले.

“अहो, कानठळ्या बसतायत आणि मला काय विचारताय?” मग तिचा आवाज उतरला. “हल्ली दारावरची बेलही तुम्हाला ऐकू येत नाही. मला वाटायचं, उठायचा कंटाळा.”

“कुठून येतोय?”

“पुढून, डावीकडून. जोरात दाबला की थांबतो.”

मिस्त्रींनी जॅक लावला, चाक काढलं. बाहेरचा पॅड जाडच होता, पण आतला पार झिजून पत्र्याला टेकायला आला होता. ब्रेकचा जबडा ज्या पिनेवर सरकतो ती गंजून अडकली होती, त्यामुळे सगळा भार एकट्या आतल्या पॅडवर. पॅड संपत आला की चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून ओरडावं, यासाठीच त्याला एक बारीक पट्टी असते. ती बिचारी इतके दिवस ओरडत होती.

‘आत्ताच झिजलाय’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. मिस्त्रींनी पॅड बाईंच्या हातात दिला.

“आवाज पहिल्या दिवशीही होता. मला ऐकू आला नाही, म्हणून मी चाक उघडलंच नाही. चार दिवस तुम्ही यावर उतार उतरलात. चूक माझी आहे.”

बाईंनी पॅड उलटसुलट करून पाहिला. रागावल्या होत्या, ते दिसत होतं. मग म्हणाल्या, “गाडी आज नीट करा. उद्या नऊला आमच्या दवाखान्यात या. कान तपासून घ्या.”

मिस्त्रींनी पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलले, पिना घासून साफ केल्या, ग्रीस लावलं. शेवटची चक्कर बायकोने मारली आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मिस्त्री हातात बटण धरून बसले. ऐकू आलं की दाबायचं. बराच वेळ काही येईना, तेव्हा त्यांना वाटलं मशीन सुरूच केलेलं नाही. मशीन चालू होतं. ग्राइंडरच्या कर्कश आवाजाने इतक्या वर्षांत बारीक, चिरके सूर त्यांच्या कानातून पुसून टाकले होते.

कानात घालायचं यंत्र मिळालं. सुरुवातीला पान्हा खाली पडला तरी ते दचकत. ब्रेकची तक्रार आली की आता ते आधी चाक काढतात, ऐकू येवो न येवो. तरीही शंका वाटली तर शेजारच्या खोलीत हाक जाते.

“आणि माझी कव्हरं कोण शिवणार?” बायको कुरकुरते आणि सुई गादीत खोचून गाडीत जाऊन बसते.