तांब्यामामांची मोजणी

भरलेल्या तांब्याने दवाखाना मोजणारा माणूस मी एकच पाहिला. दिंडोरीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात ते कक्षसेवक होते. सगळे त्यांना तांब्यामामा म्हणत. रोज सकाळी पहिला पेशंट येण्याआधी मामा काठोकाठ भरलेला तांब्या रिकाम्या स्ट्रेचरवर ठेवत आणि फाटकापासून बाळंतिणींच्या वॉर्डापर्यंत ढकलत नेत. मग आत बोट बुडवून पाणी किती उरलं ते बघत.

"माझा हात हलत नाय, साहेब," ते म्हणत. "जे सांडलं, ते बिल्डिंगनं सांडलं."

हात खरंच हलत नसे. भरल्या बशीतला चहा घेऊन ते जिना चढत. सिस्टर चिडवायच्या, "मामा, ऑपरेशन तुम्हीच करा, डॉक्टरांना स्ट्रेचर ढकलू द्या."

मी नाशिकहून रुग्णालयांच्या मूल्यांकनाला जात असे. हातात छापील तक्ता. रॅम्प आहे? आहे. रुंदी पुरेशी? कठडा? पूर्ण गुण.

"साहेब, रॅम्पच्या त्या वळणावर अर्धा तांब्या सांडतो," मामा म्हणाले. "चढ लय उभा हाय. एकदा ढकलून तर बघा."

"मामा, माझ्या तक्त्यात तांब्याचा रकाना नाही."

सगळे हसले. मामाही हसले. तक्त्याखाली शेऱ्याची चौकट होती, तिथे एक ओळ लिहिता आली असती. मला पुढच्या रुग्णालयात पोचायचं होतं. चौकट मी कोरी सोडली.

रुग्णालय उत्तम गुणांनी पास झालं. रॅम्प नव्याने बांधायचा रुग्णालयाचा प्रस्ताव वरून परत आला. पूर्ण गुणांच्या रॅम्पला दुरुस्ती कशाला? पुढे बाळंतपणाला आलेल्या एका बाईचं स्ट्रेचर त्याच वळणावर कललं. मामांनी ते भिंतीशी स्वतःच्या हातावर तोलून धरलं. बाई सुखरूप राहिली, मुलगी झाली. मामांचं मनगट मोडलं.

काही महिन्यांनी कळलं, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती. मामा स्वतः पाणी घेऊन आले. तांब्या माझ्यापर्यंत पोचेतो त्यांचा सदरा भिजला होता.

"आता बिल्डिंग मोजता यायची नाय," ते म्हणाले. "कुणी सांडलं तेच कळत नाय."

मी कोऱ्या चौकटीचं सांगून टाकलं. मामांनी सदऱ्याचं भिजलेलं टोक पिळलं.

"पण पास झाला ना आपला दवाखाना? सर्टिफिकेट दारातच लावलंय. खिळा मीच ठोकला, डाव्या हातानं."

हा टोमणा होता की अभिमान, मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

हल्ली मीही सोबत तांब्या नेतो. परवा एका रुग्णालयात स्ट्रेचरवर ठेवून ढकलला, तर पाव तांब्या सांडला. रॅम्पने सांडला की माझ्या हाताने, ठरवता येईना. शेऱ्याच्या चौकटीत मी तसंच लिहिलं.